भेटीच्या आधीचं काम

श्रोतेहो, नमस्कार.

१९७४ साल. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या एल्मायरा गावात दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. टायर कापले, काचा फोडल्या. दोघांनी गुन्हा कबूल केला. तेव्हा मार्क यान्त्झी या प्रोबेशन अधिकाऱ्याने, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने, न्यायाधीशांना सुचवलं की, ज्यांचं नुकसान केलं त्यांना या दोघांनी जाऊन भेटावं. कायद्यात त्याला आधार नव्हता, त्यामुळे न्यायाधीश आधी तयार नव्हते. पण मग त्यांनी होकार दिला. पोरं दारोदार गेली, यान्त्झी आणि त्यांचा सहकारी वही घेऊन मागे उभे राहिले, आणि काही महिन्यांत भरपाई चुकती झाली. पुढे त्याच भागात किचनर शहरात 'कम्युनिटी जस्टिस इनिशिएटिव्हज' ही सेवाभावी संस्था उभी राहिली. गुन्हा करणारा आणि ज्याचं नुकसान झालं तो, या दोघांनी एकमेकांशी बोलून भरपाईचा मार्ग काढायचा, याला पुनर्स्थापक न्याय म्हणतात. त्याचा विषय निघाला की ही गोष्ट हमखास सांगितली जाते.

गोष्ट छानच आहे. पण त्या दारांच्या आतल्या माणसांचा विचार करा. दार वाजलं, उघडलं, तर समोर आपली काच फोडणारा उभा! आज कुठलीही जबाबदार संस्था असं करणार नाही. गेल्या पन्नास वर्षांत या कामात खरी प्रगती झाली असेल तर ती भेटीच्या आधीच्या तयारीत, असं माझं मत आहे.

आता पद्धत साधारण अशी असते. न्यायालय, पोलीस किंवा शाळा प्रकरण अशा भेटी घडवणाऱ्या संस्थेकडे पाठवते. संस्थेचा प्रशिक्षित कार्यकर्ता, पुष्कळदा स्वयंसेवकच, दोन्ही बाजूंना वेगवेगळा भेटतो. ज्याने गुन्हा केला त्याला पहिली अट: केलं ते मान्य करायचं. 'मी काही केलंच नाही' म्हणणाऱ्याची जागा न्यायालयात आहे, इथे नाही. ज्याला त्रास झाला त्याला मात्र कसलीच अट नाही. काय झालं, त्यानंतर झोप लागते का, घरातले कसे आहेत, काय मिळालं तर बरं वाटेल, एवढं विचारायचं आणि ऐकत बसायचं. त्याने नकार दिला तर विषय संपला. समोरासमोर नको पण निरोप चालेल, पत्र चालेल, असं म्हणाला तर तशी व्यवस्था करायची.

प्रत्यक्ष भेट त्या मानाने थोडक्यात आटोपते. गोल मांडलेल्या खुर्च्या, प्रत्येकासोबत आपलं एखादं माणूस, आणि कार्यकर्ता निवाडा न देता फक्त बोलणं सांभाळणारा. 'माझंच घर का निवडलंस?' हा प्रश्न तिथे फार वेळा येतो. खटल्यात तो विचारायला जागाच नसते. नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ निल्स क्रिस्टी यांनी १९७७ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: भांडण ज्यांचं असतं त्यांच्याकडून ते राज्यसंस्था आणि वकील काढून घेतात. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने अल्पवयीन मुलांच्या प्रकरणांत कुटुंबासकट बसून मार्ग काढण्याची पद्धतच घालून दिली. त्यामागे तिथल्या मूळ रहिवासी माओरी समाजाचा मोठा आग्रह होता.

आता एक शंका तुमच्या मनात आली असेल. ही आपली नेहमीची मिटवामिटवीच नाही का? चार वडीलधारी माणसं जमतात, 'झालं गेलं गंगेला मिळालं' म्हणतात, आणि ज्याचं नुकसान झालं त्यालाच गप्प बसवतात. शंका रास्त आहे. कार्यक्रम ढिसाळ असेल तर नेमकं तेच होतं. म्हणून क्षमा मागितली म्हणजे क्षमा मिळालीच पाहिजे, असं तिथे कुणी सुचवायचंही नसतं. घरातल्या मारहाणीसारख्या प्रकरणांत, जिथे एकाची दुसऱ्यावर दहशत असते, तिथे अनेक संस्था हात घालत नाहीत, आणि घालतात त्या खास प्रशिक्षण घेऊनच. त्यांनी तसंच राहावं.

इंग्लंडमध्ये न्याय मंत्रालयासाठी झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा बैठकींना आलेल्या पीडितांपैकी ८५ टक्के समाधानी आढळले. आकडा उत्साह वाढवणारा आहे. पण तो आलेल्यांचा आहे, हे विसरू नये. न आलेल्यांचं काय? देणगीदार विचारतात, वर्षात बैठका किती झाल्या? मग आकडा भरायचा म्हणून कार्यकर्ता नको म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा फोन करतो, तिसऱ्यांदा करतो. माझं म्हणणं असं की, अहवालात नाकारलेल्या भेटींचाही रकाना असावा, आणि त्यावरून कुणी संस्थेचे कान धरू नयेत.

शेवटी, भेटीत जे ठरतं त्याच्या करारनाम्याबद्दल. किती रक्कम, किती हप्ते, कोणतं काम, कोणत्या तारखेपर्यंत, हे सगळं त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. 'यापुढे नीट वागेन' याला करार म्हणत नाहीत. सह्या झाल्या की सगळे सुटकेचा श्वास सोडून घरी जातात. तिसरा हप्ता चुकतो तेव्हा विचारपूस करायला जायचं कुणी? पैसे नसतील तर हप्ता लहान करून घ्यायचा, टाळाटाळ असेल तर प्रकरण पाठवलं त्यांच्याकडे परत न्यायचं. आणि दोन्ही वेळी ज्याचं नुकसान झालं त्याला आधी फोन करून सांगायचं, त्याने चौकशी करण्याची वाट न पाहता.

नमस्कार.