कॅरोबवरची छिद्रं

मंडळी, तुम्ही बहुतेक डाळिंबवाले. कॅरोबचं झाड तुमच्यापैकी फार कुणी पाहिलं नसेल. शेंग साधारण चिंचेच्या आकड्यासारखी, पिकली की काळपट आणि गोड. बियांच्या डिंकानं आइस्क्रीम दाट करतात. सायप्रस आणि सिसिलीतल्या कोरड्या, चुनखडीच्या माळावर ही झाडं पिढ्यान् पिढ्या उभी आहेत.

फुलं येतात सप्टेंबर ते नोव्हेंबरात आणि शेंग पिकते पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरात. म्हणजे जुनी शेंग उतरवेपर्यंत नवा मोहोर हजर. झाड कधी मोकळं नसतंच, आणि किडीचं फावतं ते इथेच.

शेंगेतली अळी कॅरोब पतंगाची. गुलाबीसर, डोकं तपकिरी. मादी शेंगेच्या भेगेत अंडी घालते, अळी आत शिरते, मागे उरते जाळी आणि विष्ठेचा भुसा. अळी आत गेल्यावर वरून फवारा मारणं म्हणजे औषध वाया घालवणं. झाडावर राहिलेल्या जुन्या शेंगा काढा, खाली पडलेल्या वेचा आणि गोदाम झाडून घ्या, कारण पोत्यातही अळी वाढतच असते. हीच अळी इराणात डाळिंबाची मोठी वैरी आहे. तिथे ती फळाच्या मुकुटातून शिरते, म्हणून मुकुटातले पुंकेसर काढून टाकण्याचे प्रयोग झाले. आपल्याकडची फळ पोखरणारी अळी मुख्यतः फुलपाखराची. तिचा हिशेब वेगळा.

सायप्रसात शेंगा आखूड आणि फुगीर राहिल्या, तर आधी पावसाला दोष देऊ नका. शेंग चिरून पाहा. आत गाठमाशीची अळी असू शकते. हीच माशी मिरचीच्या फळातही वाढते, त्यामुळे शेजारच्या वाफ्यावरही नजर हवी.

आता माझ्या जिवाला लागलेली कीड. सिसिलीच्या रागुझा भागात गेल्या दहाएक वर्षांत एका काळ्या भुंगेऱ्यानं कॅरोबला ग्रासलंय. मादी दोन मिलिमीटरही नाही. छिद्र टाचणीच्या टोकाएवढं, बहुधा फांदीच्या खालच्या बाजूला, म्हणून वरून पाहणाऱ्याला दिसतच नाही. ती लाकूड खात नाही. बुरशी सोबत आणते, बोगद्यात तिची शेती करते आणि पिल्लांना तीच खाऊ घालते. नराला उडता येत नाही. बहिणी आतच भावांशी जुगतात आणि फळलेल्या मादीच बाहेर पडतात. एक मादी निसटली तरी नवी वसाहत उभी राहते! कर्नाटक-केरळच्या रोबस्टा कॉफीवरचा शॉट होल बोरर तो हाच. तुमच्या डाळिंबाच्या खोडातला पिन होल बोरर याचा भाऊबंद, जात निराळी.

हिरव्या झाडात एखादीच डहाळी तपकिरी होऊन लोंबली की ती उलटी करा. छिद्र दिसलं तर त्याच्या बरंच खाली, निरोगी लाकडात कापा आणि त्याच दिवशी जाळा. छाटलेल्या फांद्यांचा ढीग बांधावर ठेवून घरी जाणारे शेतकरी मी पाहिलेत. त्या ढिगातून भुंगेरे निघतात आणि परत बागेतच येतात. रागुझात किडीनं जाड फांद्या आणि खोडही धरलंय. तिथे कात्री चालत नाही. म्हणून पहिली डहाळी दिसेल त्याच दिवशी कात्री हातात घ्या.