पान किती तास ओलं होतं?

श्रोतेहो, नमस्कार. पिकावर करप्याचे ठिपके दिसले की आपण कालच्या पावसाला बोल लावतो. पण बुरशी पानात शिरते तेव्हा बाहेरून काहीच कळत नाही. ठिपका उमटायला बऱ्याच रोगांत पाच-दहा दिवस जातात. म्हणजे शोधायचं ते मागच्या आठवड्याचं हवामान. त्यातही पाऊस किती मिलिमीटर झाला, हे मी नंतर विचारीन. आधी विचारीन, पान सलग किती तास ओलं होतं?

भातावरचा करपा घ्या. बीजाणू, म्हणजे बुरशीचं बारीक बी, वाऱ्यावर येतो, पानाला चिकटतो. दवाच्या थेंबात काही तासांतच त्याला अंकुर फुटतो आणि अंकुराच्या टोकाला काळपट, घुमटासारखा फुगवटा येतो. त्यात पाणी ओढलं जातं, दाब चढत चढत वातावरणाच्या दाबाच्या ८० पटींपर्यंत जातो. मोटारीच्या टायरमधली हवा यापुढे काहीच नाही! त्या जोरावर बारीक खुंटी पानात घुसते. तेवढ्यात ऊन पडून पान वाळलं, तर बहुतेक बीजाणूंचा खेळ तिथेच आटोपतो.

किती तास लागतील, ते तापमानावर. सफरचंदावरच्या स्कॅब रोगासाठी मिल्स या शास्त्रज्ञाने १९४४ मध्ये याचा तक्ताच मांडला. १८ ते २४ अंश सेल्सिअसला पान नऊएक तास ओलं राहिलं तरी लागण होते. ६ अंशांच्या आसपास मात्र जवळजवळ अख्खा दिवस-रात्र लागतो. गव्हाच्या तांबेऱ्यालाही ओल हवीच, पण जोडीला थंडावा. कडक उन्हाळा त्याला मानवत नाही.

भुरीचं मात्र सगळंच उलटं. बोटाला पिठासारखी लागणारी ही बुरशी कोरड्या पानावरही रुजते, हवेत दमटपणा असला की झालं. पानावर साचलेलं पाणी तिच्या बीजाणूंना उलट बाधतं. म्हणून "पाऊस नाही, आता रोग नाही" असं म्हणून फवारणीचा पंप ठेवून देऊ नका.

पावसावर आपला इलाज नाही, तुषार सिंचनावर आहे. सूर्यास्ताच्या सुमारास तुषार लावले की ती ओल रात्रीच्या दवाला जाऊन मिळते आणि पान सकाळपर्यंत सुकत नाही. पहाटे, पान दवानं भिजलेलंच असताना पाणी द्या आणि ऊन चढायच्या आत बंद करा. पीक दाट असेल, नत्र जास्त देऊन पाला माजला असेल, तर आतली पानं दुपारपर्यंत ओली राहतात. तेव्हा पाहणी करताना वरची पानं बाजूला सारून आत हात घाला.