रक्तात दिसणारी जठराची झीज

श्रोतेहो, नमस्कार.

जठराचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. कोलंबियात जन्मलेले पॅथॉलॉजिस्ट पेलायो कोरेआ यांनी 1975 साली त्याची वाटचाल मांडली. आधी जठराच्या अस्तराला कायमची सूज, मग ते झिजणं, मग तिथे आतड्यासारख्या पेशी उगवणं, पुढे पेशींची घडण बिघडणं आणि शेवटी कॅन्सर. बहुतेकांचा प्रवास मधेच थांबतो, पण ज्यांचा थांबत नाही त्यांनाही कित्येक वर्षांची मुदत मिळते. एवढा वेळ देणारे कॅन्सर थोडेच आहेत, आणि तो वेळ आपण ॲसिडिटीच्या गोळ्या घेण्यात घालवतो याचं मला फार वाईट वाटतं.

या सगळ्याची सुरुवात बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूपासून होते. झीज कुठवर आली याचा अंदाज मात्र साध्या रक्त तपासणीतून येऊ शकतो. जठराच्या मुख्य भागातल्या ग्रंथी पेप्सिनोजेन-1 हे पचनाला लागणारं प्रथिन तयार करतात, तर पेप्सिनोजेन-2 जठरात सगळीकडे तयार होतं. ग्रंथी झिजल्या की पहिलं घटतं, दुसरं तितकंसं घटत नाही. जपानमध्ये पहिलं दर मिलिलिटरला 70 नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी आणि दोघांचं गुणोत्तर 3 किंवा त्याहून कमी आलं, की झीज आहे असं धरतात.

जोडीला जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी पाहून ते लोकांचे चार गट करतात. सर्वांत जास्त धोका कुणाला? झीज आहे, पण अँटिबॉडी नाहीत, अशांना! अस्तर इतकं झिजलेलं असतं की जंतूलाही तिथे राहवत नाही. असा रिपोर्ट हाती आला की "जंतू नाही, सुटलो" म्हणून घरी जाऊ नये.

अर्थात ही तपासणी कॅन्सर सांगत नाही, दुर्बीण कुणाच्या पोटात आधी घालायची ते सांगते. काही कॅन्सर झिजेशिवायही होतात, ते इथे निसटतात. ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असतील तर आकडे फसवे येतात, तेव्हा डॉक्टरांना ते आधी सांगा. बायोप्सीच्या तुकड्यात मात्र आणखी खोलवर पाहता येतं. सीडीएक्स-2 हे एरवी आतड्यात चालणारं जनुक जठरात जागं झालेलं दिसलं, तर पेशींनी वाट बदलली हे कळतं.

आपल्या देशात मिझोरममध्ये या कॅन्सरचं प्रमाण सर्वांत जास्त आहे. महाराष्ट्रात ते बरंच कमी, त्यामुळे इथे सरसकट सगळ्यांची तपासणी करा असं मी म्हणणार नाही. पण आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला हा आजार झाला असेल, तर पोटाच्या डॉक्टरांकडे जंतूची तपासणी नक्की करून घ्या. जंतू सापडला तर औषधांचा कोर्स पुरा करा. तो संपल्यावर किमान 4 आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जंतू खरंच गेला का ते बघा. त्यासाठी रक्त तपासू नका, कारण जंतू गेल्यावरही अँटिबॉडी कित्येक महिने रक्तात राहतात.