रजा न मिळणारं दुःख

नमस्कार, श्रोतेहो.

घरातलं माणूस गेलं की लोक भेटायला येतात, फोन करतात, कामाच्या ठिकाणीही चार दिवस कुणी घाई करत नाही. घरातला कुत्रा गेला तर मात्र दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर व्हावं लागतं. डोळे सुजलेले दिसले तर कुणीतरी चौकशी करतं, आणि खरं कारण कळलं की म्हणतं, "एवढंच ना? दुसरा आण की!" मनानं वाईट नसतात हो ही माणसं. पण त्या वाक्यानंतर आपण पुन्हा कुणापाशी बोलत नाही. चारचौघांत मान्यता न मिळणाऱ्या अशा दुःखाची मांडणी केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकानं १९८९ मध्ये केली. रडायची मुभा नसली की दुःख आणखी जड होतं, हे त्यातलं सूत्र.

"कुत्रा तर होता" म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. १९१४ मध्ये जर्मनीत, बॉनजवळच्या ओबरकासेल इथल्या खाणीत एक दफन सापडलं. वय सुमारे १४ हजार वर्षं. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि जेमतेम सात महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू होतं. त्याच्या दातांवरून पुढे संशोधकांनी ताडलं, की त्याला डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांना होणारा एक जीवघेणा विषाणूजन्य आजार, झाला होता आणि तरीही ते काही आठवडे जगलं. कुणीतरी त्याला भरवलं, पाणी पाजलं, ऊब दिली, म्हणूनच. असं आजारी पिल्लू शिकारीच्या काय कामाचं?

तुमच्या घरात आता काय होतंय, ते मी ओळखू शकते. फिरायला न्यायच्या वेळी हात आपोआप पट्ट्याकडे जातो. काळ्या स्वेटरवर पांढरे केस निघतात आणि ते झटकावेसे वाटत नाहीत. रात्री फरशीवर नखांची टकटक ऐकू येते. याला वेड लागणं म्हणत नाहीत. इतकी वर्षं त्या आवाजाला कान लावून बसलेला मेंदू एका दिवसात थोडाच सवय सोडणार!

सगळ्यांत जास्त पोखरतो तो इंजेक्शनचा निर्णय, म्हणजे आजारी कुत्र्याला डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन शांतपणे जाऊ देण्याचा. घाई केली का? की उशीर केला? एकाच रात्री दोन्ही प्रश्न पडतात. म्हणून तिथं नेमकं काय होतं ते सांगते. बहुतेकदा वापरतात ते पेंटोबार्बिटल हे भुलीच्या औषधांपैकीच, फक्त मात्रा फार मोठी. शिरेतून दिल्यावर काही सेकंदांत शुद्ध हरपते, मग श्वास थांबतो, मग हृदय. डोळे उघडे राहू शकतात. कधी नंतर एखादा मोठा श्वास येतो, पाय थरथरतो. ते बघून काळजात चर्र होतं, पण तेव्हा त्याला काहीच जाणवत नसतं. डॉक्टरांनी हे आधी सांगायला हवं. गडबडीत राहून जातं, आणि तो एक श्वास काहीजण कित्येक वर्षं उरात घेऊन फिरतात.

लहान मुलांना मात्र "तो झोपलाय" किंवा "लांब गेलाय" असं सांगू नका. मुलं वाट बघत बसतात, नाहीतर स्वतः झोपायला घाबरतात. मेला म्हणजे मेला, असं सांगा, आणि त्यांच्यासमोर रडू आलं तर येऊ द्या.

घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याच्याकडेही बघा. इटलीत एकाहून अधिक कुत्रे पाळणाऱ्या ४२६ जणांची पाहणी झाली, ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. सोबतचा कुत्रा गेल्यावर उरलेल्याच्या वागण्यात बदल दिसला, असं त्यातल्या ८६ टक्के लोकांनी सांगितलं. खेळणं कमी, खाणं कमी, झोप जास्त, आणि सारखं माणसाच्या मागं मागं. त्याच्या जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा आहेत तशाच ठेवा. दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना दाखवा. सगळंच दुःखावर ढकलू नका. आणि त्याला सोबत हवी म्हणून लगेच नवं पिल्लू आणायची घाई नको. त्याला कदाचित तुम्हीच थोडे जास्त हवे असाल.

नमस्कार.