अ‍ॅटिकाचा किनारा आणि तिथली झुडपं

श्रोतेहो, नमस्कार. प्राचीन ग्रीकांकडे किनाऱ्यासाठी एकच शब्द नव्हता. लाटा आदळतात तो खडकाळ, उंच काठ म्हणजे ‘अक्ते’. गलबतं ओढून ठेवायची सपाट पुळण म्हणजे ‘ऐगिआलोस’. वाळूचा ढीग ‘थिस’. आणि लाट नेमकी जिथे फुटते ती रेघ ‘रेग्मिन’; ‘फोडणे’ या धातूपासून आलेला हा शब्द मला फार नेमका वाटतो.

अथेन्सचा प्रदेश अ‍ॅटिका. हे नाव ‘अक्ते’वरून आलं, असं प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्राबो सांगतो. अर्थ पटतो, पण ग्रीकमध्ये ‘क्त’चा ‘त्त’ सहसा होत नाही, म्हणून ही व्युत्पत्ती जपून घ्यावी. अंत्य स्वराघात बदलला की ‘अक्ते’चाच अर्थ एल्डरचं झाड होतो. कोशात आघातचिन्ह न पाहता शब्द उचलला, तर किनाऱ्यावर नसलेलं झाड उगवतं!

आता याच किनाऱ्यावरची गावं पाहू. मॅरेथॉन हे नाव ‘माराथोन’ म्हणजे बडीशेपेवरून पडलं. मायसीनी या प्राचीन ग्रीक नगरातल्या मातीच्या पाट्यांवर हाच शब्द ‘मा-रा-तु-वो’ असा लिहिलेला आहे. मधला ‘व’ पुढे ग्रीकमधून गळाला.

तो गळालेला ‘व’ ध्यानात ठेवला की शेजारचं राम्नूस उलगडतं. ‘राम्नोस’ म्हणजे काटेरी झुडूप. पण शेवटचा ‘ऊस’ कुठून आला? षष्ठी करून पाहा: राम्नूस, राम्नून्तोस. लपलेला ‘न्त’ बाहेर आला. संस्कृतातही असंच होतं: गुणवान्, पण अनेकवचनी गुणवन्तः. ग्रीकचा मूळ प्रत्यय ‘-वेन्त’ आणि संस्कृतचा ‘-वन्त’ हे सख्खे भाऊ. ‘व’ गळाला, ‘ओ’ आणि ‘ए’ मिळून दीर्घ ‘ऊ’ झाला. म्हणजे राम्नूस झालं ‘राम्नोसवंत’ गाव. हाच प्रत्यय ‘व’सकट जुन्या पाट्यांवर दिसतो: क्रीट बेटावरच्या क्नोसोसच्या पाट्यांवर रथाच्या चाकांना ‘ओ-दा-त्वे-ता’, म्हणजे दातेरी, म्हटलंय. ऋग्वेदातला ‘दत्वत्’, म्हणजे दात असलेला, त्याच जातीचा.

सिसिलीतलं सेलिनूस असंच, ‘सेलिनोन’ या रानटी सेलरीवरून. त्या शहराच्या नाण्यांवर तिचं पान कोरलेलं असे, आणि इटालियन ‘सेलिनुन्ते’त तो ‘न्त’ आजही ऐकू येतो. अ‍ॅटिकातलं अनागिरूस ‘अनागिरोस’वरून. या झुडपाची पानं चुरगळली की घाण वास सुटतो, म्हणून ‘अनागिरोस हलवणं’ म्हणजे आपणहून संकट ओढवून घेणं.

इथे एक चूक हमखास होते. कोरिंथोस हे शहर, झाकिंथोस हे बेट, हियाकिंथोस हे फूल, यांच्या नावांतला ‘न्थ’ या ‘न्त’शी जोडला जातो. त्यात ‘थ’ आहे, ‘त’ नाही, आणि षष्ठीतही तो तसाच राहतो. हे शब्द ग्रीकपूर्व भाषेतले मानले जातात, त्यांना ‘-वन्त’ लावून सोडवू नये.