पेट्रोलवरच्या टॅक्समधलं राज्यांना नेमकं मिळतं किती?

नमस्कार मंडळी! केंद्राकडे काय आणि राज्याकडे काय हे आपण शाळेत तीन सूच्या पाठ करून शिकलो, पोलीस, दवाखाने, शेती राज्याकडे, संरक्षण, रेल्वे केंद्राकडे वगैरे. ते बरोबरच आहे, पण सत्ता खरी कुणाच्या हातात हे बघायचं तर पैसा कुणाच्या तिजोरीत जातो ते बघा.

२०२१ चं पेट्रोल घेऊ. फेब्रुवारीच्या बजेटनंतर लिटरमागे केंद्राचा टॅक्स होता ३२ रुपये ९० पैसे. १५व्या वित्त आयोगानं, म्हणजे केंद्र-राज्यांत कर कसा वाटायचा ते सुचवणाऱ्या आयोगानं, सांगितलेलं की वाटपाच्या करातले ४१ टक्के राज्यांना द्या, म्हणजे तुम्हाला वाटेल साडेतेरा रुपये तरी राज्यांना गेले असतील. नाही गेले! कारण त्यात बेसिक एक्साइज (मूळ उत्पादन शुल्क) होती फक्त १ रुपया ४० पैसे. बाकी १८ रुपये रस्त्यांचा सेस (ठरावीक कामासाठी लावलेला उपकर), अडीच रुपये शेतीचा सेस आणि ११ रुपये स्पेशल ॲडिशनल ड्युटी, ती पण सरचार्जमध्येच (करावरच्या जादा अधिभारात) मोडते, आणि घटनेचं कलम २७० सांगतं की सेस, सरचार्ज वाटपात धरायचे नाहीत. मग ४१ टक्के कशाचे, तर १ रुपया ४० पैशांचे. सत्तावन्न पैसे! ते पण सगळ्या राज्यांना मिळून, त्यात महाराष्ट्राचा हिस्सा साधारण ६.३ टक्के, करा हिशोब.

सेसचे काही पैसे योजनांमधून राज्यांत परत येतात, मान्य, पण ते कशावर खर्च करायचे हे दिल्लीत ठरतं, आणि तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर नसला की लोक जाब विचारतात राज्य सरकारला. हे मला अजिबात पटत नाही.

त्यात २०१७ ला जीएसटी आला, राज्यांचे बरेच टॅक्स त्यात गेले, मुंबईची जकातही गेली. जीएसटीचे दर-नियम ठरवणाऱ्या जीएसटी कौन्सिलमध्ये केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश आणि निर्णयाला लागतं तीन चतुर्थांश, म्हणजे सगळी राज्यं एक झाली तरी केंद्राला नको असेल तर काही पास होत नाही.

म्हणून पेट्रोल जीएसटीत आणा म्हटलं की राज्यं नको म्हणतात, सप्टेंबर २०२१ ला लखनौच्या बैठकीतही तेच झालं. लोक चिडतात, पण मी इथं राज्यांच्या बाजूनं आहे, कारण स्वतः दर ठरवता येतील असे मोठे टॅक्स त्यांच्याकडे आता मोजकेच उरलेत, आणि पेट्रोलवरचा व्हॅट त्यातला एक. आधी सेस-सरचार्जला मर्यादा घाला, मर्यादेच्या वर गेलेली रक्कम वाटपात धरा, मग बसून पेट्रोलचं बोला.