सिगारेटचा कागद आणि डासांचा ताप

नमस्कार श्रोतेहो.

पुरंदर तालुक्यातलं बेलसर आठवतंय? जुलै २०२१. गावात तापाची साथ होती. पुण्याच्या एनआयव्हीनं, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेनं, रक्ताचे नमुने तपासले आणि एकाच गावात तीन विषाणू निघाले: चिकनगुनिया, डेंग्यू आणि राज्यातला पहिला झिका. तिन्ही पसरवतो एडिस, तोच तो दिवसा चावणारा डास. ताप, अंगदुखी, पुरळ हेही बरंचसं सारखंच. गावातल्या डॉक्टरांनी ओळखायचं कसं? बोटाला टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घेतलं आणि यंत्रानं विषाणूचं नाव सांगितलं, असं होईल का? घरी साखर तपासतो तसं?

त्या साखरेच्या यंत्राच्या जन्माची गोष्ट मला फार आवडते, ती आधी सांगतो.

अमेरिकेत लेलँड क्लार्क नावाचे शास्त्रज्ञ होते. हृदयाची शस्त्रक्रिया चालू असताना फुप्फुसाचं काम करील असं यंत्र ते बनवत होते. रक्तात प्राणवायूचे बुडबुडे सोडायचे, मग फेस घालवायचा. यंत्र छान चाललं. निबंध लिहून नियतकालिकाला धाडला, तर साभार परत! संपादकांचं म्हणणं, बाहेर पडणाऱ्या रक्तात प्राणवायू किती, ते तुम्ही मोजलंय कुठे? आता मोजणार कशानं? प्लॅटिनमची तार होती, प्राणवायू असला की तिच्यातून प्रवाह वाहायचा. पण रक्तातली प्रथिनं नि पेशी तारेला चिकटायच्या आणि आकडा बिघडायचा. क्लार्कनी काय करावं? सिगारेटच्या पाकिटावरचा तो पारदर्शक कागद, सेलोफेन, घेतला आणि ताणून बसवला. प्राणवायू आत, रक्त बाहेर! सिगारेटनं माणसाचं केलेलं हे बहुधा एकमेव भलं. पुढे १९६२ मध्ये त्यांनी त्याच तारेपाशी साखरेवर काम करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, बसवलं. विकर साखरेसाठी प्राणवायू वापरतं, म्हणजे प्राणवायू जितका घटला तितकी साखर. झाला जैवसंवेदक, म्हणजे बायोसेन्सर!

मला तर त्या संपादकाचंच जास्त कौतुक वाटतं. ‘मोजलंत का?’ हा प्रश्न आपल्याकडे विचारतो कोण? धुराची गाडी गल्लीत येते, फोटो निघतात, गाडी जाते. आधी अळ्या किती, नंतर किती, कुणी मोजत नाही. धुरानं अळ्या मरतच नाहीत हो, त्या कुंडीखालच्या ताटलीत मजेत असतात. असो.

तर जैवसंवेदकाचा मुद्दा असा: एक पकडणारा, एक सांगणारा. पकडणारा जैविक, सांगणारी वीज. साखरेला विकर, तसं डेंग्यूला प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी. डेंग्यूचा विषाणू रक्तात एनएस-१ नावाचं प्रथिन सोडतो, पट्टीवरचं प्रतिपिंड ते धरतं. पण विकर सतत काम करत राहतं, प्रतिपिंड नुसतं धरून बसतं. शिवाय हे प्रथिन साखरेच्या मानानं अगदीच कमी. म्हणून पट्टीच्या टोकावर सोन्याचे अतिसूक्ष्म कण किंवा ग्राफीन, म्हणजे कार्बनचा अतिपातळ थर, पसरतात. तेवढ्याच जागेत पृष्ठभाग कैकपट वाढतो, प्रतिपिंडं जास्त बसतात, वीजही सहज वाहते. प्रथिन पकडलं गेलं की विजेची वाट अडते, प्रवाह घटतो. पुन्हा सांगतो, इथे प्रवाह घटला की समजायचं, विषाणूचा माग लागला.

प्रयोगशाळेत हे जमलंय. खऱ्या रक्तात मात्र क्लार्कना छळणारीच अडचण: नको ती प्रथिनं चिकटतात आणि तीही वाट अडवतात. त्यात डेंग्यू नि झिका जवळचे भाऊबंद, प्रतिपिंड कधी भलत्यालाच धरतं. त्यामुळे अशी पट्टी औषधांच्या दुकानात इतक्यात दिसणार नाही.

तोवर आहेत त्या चाचण्या वेळेवर करा. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-१, त्यानंतर आयजीएम, म्हणजे शरीरानं तयार केलेल्या प्रतिपिंडांची चाचणी. पहिले पाच दिवस एनएस-१, नंतर आयजीएम. ताप नक्की कोणत्या तारखेला चढला, ते कागदावर लिहूनच दवाखान्यात जा. डॉक्टर आधी तेच विचारतील.